मोजणीच्या बाई

नीलांबरीबाई चहाचा कप दोन्ही हातांत धरून डोळे मिटायच्या आणि समोरच्याला विचारायच्या, "आधी काय कळलं? वास, की चटका?" आमच्या वाडीत आल्या त्या दिवशी हा प्रश्न त्यांनी थेट गावकरांना विचारला. गावकर म्हणजे वाडीचे म्होरके आणि शिमग्याला नमनाचा नाच करणाऱ्या आमच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि मला हळूच म्हणाले, "नाना, चायत काय घातलान की काय रे हिनं?"

बाई पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करत. नाच चालू असताना बघणाऱ्याचं शरीर आधी काय टिपतं, डोळा की कान की पायाखालची जमीन, हा त्यांचा विषय. त्यातूनच त्या यंत्रं बनवत. नाचणाऱ्याचं पाऊल पडलं की पडद्यावर उजेड उमटेल, मृदंगावर थाप पडली की दूरची फळी थरथरेल, अशी. शिमग्याच्या आधी महिनाभर आमची तालीम देवळाच्या सभामंडपात चालते. तेवढ्या दिवसांसाठी त्या माझ्या पडवीलगतच्या खोलीत राहायला आल्या.

वाडीला त्यांचा संशय यायला फार वेळ लागला नाही. त्या चपला काढून जमिनीवर डोळे मिटून उभ्या राहत. भिंतीला तळहात लावून मृदंग ऐकत. फोनला रेंज मिळावी म्हणून वरच्या कातळावर जात आणि इंग्रजीत बोलत. आमच्याकडे कातळावर उभं राहून इंग्रजी बोलणारा माणूस जमिनीच्याच व्यवहाराचा, असं सगळे धरून चालतात. मीही धरून चाललो. एकदा त्या अंघोळीला गेल्या असताना मी त्यांची वही उघडली. पानभर ठिपके, बाण, अंतरं. माझी सगळी नोकरी सरकारी मोजणी खात्यात गेली. दोन पानं उलटल्यावर मला कळलं की हा कुठल्या जमिनीचा नकाशा नाही, आमच्या खेळ्यांच्या, म्हणजे नमनात नाचणाऱ्यांच्या, पावलांचा आहे. वही मी होती तशी ठेवली.

त्यांची एकच गोष्ट मला खटकली. कोणी विचारलं, "बाई, काय चाल्लंय?" की त्या हसून सांगत, "मोजणी! पावलांची मोजणी." पुण्याला हा शब्द साधा असेल. इथे मोजणी म्हटलं की कंपनी आली आणि जमीन गेली. हे त्यांना सांगायला हवं, असं मला पहिल्याच दिवशी वाटलं. उद्या सांगू म्हणालो. ते उद्या आलं नाही.

शेजारच्या पार्वतीवहिनींना जन्मापासून ऐकू येत नाही. इतकी वर्षं त्या नमनाला पुढे बसत, रंगीत कपडे बघत आणि झोपून जात. बाईंनी त्यांच्यासाठी एक पाट केला. साधा फणसाचा पाट, खाली डब्या आणि तारा. माझ्या मृदंगाला एक बटणाएवढी चकती लावली. मी थाप मारली तशा वहिनी पाटावरून ताडकन उठल्या, पाट उलटा करून खाली बघितलं आणि पुन्हा बसल्या. मग मांडीवर ठेका धरला. चुकला नाही. बाईंनी खुणेनं विचारलं, आधी काय कळलं? वहिनींनी पोटावर हात ठेवला आणि मग माझ्याकडे बोट केलं. म्हणजे नाना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझा मृदंग कळला होता.

पुढचं काम होतं खेळे कुठे पाय टाकतात त्याच्या खुणा करायचं. बाई पावलांनी अंतर मोजू लागल्या. माझ्यातला मोजणीदार जागा झाला. "असं अंदाजे नका करू हो," म्हणत मी घरून माझी टेप आणली. चामड्याची गोल डबी, वर माझं नाव कोरलेलं. भर दुपारी सगळे बागेत होते. आम्ही दोघांनी देवळापुढचं अंगण आखलं. पारावर फक्त पार्वतीवहिनी बसल्या होत्या. मला मजा आली हे खरं आहे. टेप मी बाईंकडेच राहू दिली.

चार दिवसांनी त्यांनी मला लॅपटॉपवर दोन रेघा दाखवल्या. "ही खेळ्यांची पावलं. ही तुमची थाप. नाना, तुमची थाप पावलाच्या मागून येते. केसभर."

चाळीस वर्षं मी मंडळाचा मृदंग वाजवत होतो. खेळे माझ्या थापेवर नाचतात, असं मी समजत होतो.

बाई आनंदानं पुढे बोलतच होत्या. "आणि हे बघा, वळणावर सगळे उचललेला पाय जरा जास्त वेळ वर धरतात. त्यांनाही ते माहीत नाही. ते तुमची वाट बघतात, नाना! रविवारी मंडळाला हेच दाखवणार मी."

"दाखवायलाच हवं का?"

"यातच तर सगळं आहे!"

मला फक्त 'मागून' एवढंच ऐकू आलं. म्हातारा झाला, काढा ह्याला, असं सगळे म्हणतील. त्यासाठीच ही आली, पहिल्यापासून माझ्यावर डोळा होता हिचा, असं मला वाटू लागलं. संशयाला अर्थ नव्हता. पण तो मला सोयीचा होता.

रविवारी पडदा लागायच्या आधीच सभामंडप भरला. गावकरांनी सुरुवात केली. "बाई, तुमी म्हनता मोजनी. कसली मोजनी?"

"पावलांची."

गावकरांनी टेप ओढल्यासारखे हात केले. "पावलांना टेप कशाला लागती वो? आमच्या पोरांनी बगितलान तुमच्याकडं. कुनी दिलान ती टेप?"

बाईंनी माझं नाव घेतलं नाही. मागून कोणी ओरडलं, "कंपनीनं दिलान, आनि कुनी!" लोक हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. पुढे पार्वतीवहिनी उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बोट करून तसेच टेप ओढल्याचे हात करू लागल्या. "वहिनीला पाट हवाय, बस गो बाय," म्हणून त्यांना खाली बसवलं.

मग गावकर माझ्याकडे वळले. "नाना, तू खात्यातला मानूस. तुज्या घरात ऱ्हाते ती. तूच सांग, ही मोजनी हाय का नाय?"

मी म्हणालो, "मोजणी आहे."

शब्द खोटा नव्हता. त्याच्यापुढे आणखी एक वाक्य बोलायचं होतं. बाई माझ्याकडे बघत थांबल्या, वळणावर खेळे थांबतात तशा. मी खाली बघितलं.

दुपारच्या एसटीनं त्या गेल्या. यंत्रं भरली, पाटाखालच्या तारा सोडवल्या. पडवीत येऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेली टेप त्यांनी माझ्या हातात दिली. सभेत ती डबी नुसती पुढे केली असती, तर नाव सगळ्यांनी वाचलं असतं. त्यांनी केली नाही. एवढंच विचारलं, "मघाशी आधी काय कळलं तुम्हाला, नाना?" मी म्हणालो, एसटी चुकेल.

त्या शिमग्याला मृदंग मीच वाजवला. वळणावर खेळ्यांचे पाय हवेत थांबलेले मला दिसले. एकदा दिसल्यावर दिसायचे बंद होईनात. पुढच्या वर्षी मी मृदंग खाली ठेवला. सगळे म्हणाले, नाना, आताच कशाला?

गेल्या महिन्यात बाईंच्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. बाई आजारपणात गेल्या. त्यांचं अर्धं राहिलेलं काम तो पुरं करतो आहे. त्यात आमच्या गावापुढे 'परवानगी नाकारली' एवढंच लिहिलं आहे. का नाकारली, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, "गैरसमज झाला." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी पुन्हा तेच केलं. गैरसमज गावाचा झाला होता. माझा झाला नव्हता.

बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. गावकरांनी विचारलं तेव्हा मला आधी हे कळलं की तुम्ही निर्दोष आहात. मग हे कळलं की मी गप्प राहिलो तर रेघा कोणी बघणार नाही. याच क्रमानं.

हा कागद त्या विद्यार्थ्याला पाठवतो आहे. येत्या रविवारी मंडळाच्या बैठकीत मी स्वतः तो उभं राहून वाचणार आहे. पार्वतीवहिनी नेहमीसारख्या पुढे बसतील. त्यांना ऐकू येणार नाही, आणि पाट आता नुसता पाट आहे. म्हणून वाचायच्या आधी टेप त्यांच्या हातात देणार आहे.