शेटजींच्या पेठेतलं लुगडं

साळूबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. उंब्रजकडून आलेली ही बाई सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या एका पेठेत नव्या रस्त्यासाठी खडी वाहत होती. मजुरीतून तिथल्याच एका शेटजींच्या दुकानातलं हिरवं लुगडं घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं.

रस्ता झाला. वर्गणी दिली म्हणून पेठेला शेटजींचं नाव पडलं. पाटी उघडायला ते आले, तेव्हा त्यांच्या पायाला डांबर लागू नये म्हणून रस्ताभर सतरंज्या अंथरल्या होत्या.

"रस्त्याला पाय न्हाई लावला, अन् नाव मात्र त्येचं!" सोबतची मनुबाई हसली. "आता लुगडं घेणार न्हवं?"

"त्येच्या दुकानात? थुकते मी!"

गावी परतताना साळूबाईनं उंब्रजच्या बाजारात लुगडं घेतलं. हिरवं मिळालं नाही, तांबडं मिळालं.