मामांच्या वेण्या आणि माझा जळफळाट

परवा शनिवारी शाहूपुरीत बसून मी एका मिशीवाल्या माणसावर जळत होते… तेही वेणीवरून.

माझी मोठी बहीण गेली त्याला दीड वर्ष झालं. तिची ओवी, वय सात, तेव्हापासून माझ्याकडे आणि आईकडे असते. भावजी ट्रान्सपोर्टमध्ये, महिन्यातले वीस दिवस गाडीवर… आईचे गुडघे गेलेले. म्हणजे डबा, अभ्यास, वेण्या, सगळं माझ्याकडे.

शाहूपुरीत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर कुटुंब केंद्र आहे. नात्यातली मुलं सांभाळणारे आमच्यासारखे लोक दर शनिवारी तिथं जमतात. शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही कुणी करायची इथपासून मूल झोपेत रडलं तर काय करायचं इथपर्यंत, सगळं तिथं विचारता येतं. मी वही घेऊन जाते. सगळे हसतात, पण मी लिहून घेते.

त्या दिवशी वेण्या घालायचा वर्ग होता. मुली सांभाळणारे तीन पुरुष येतात, त्यांनीच तो मागितला होता. त्यातले एक कागलचे मामा… साखर कारखान्यात नोकरी, आवाज असा की खाली रस्त्यावरचा रिक्षावाला वर बघतो. त्यांच्या बहिणीची मुलगी स्वरा वर्षभर त्यांच्याकडे आहे. ओवीच्याच वयाची.

मला वाटलं, इथं तरी मी पुढं असणार. आमच्या घरी वेणी म्हणजे थट्टा नव्हती. भांग सरळ, पेड सारखे, एक बट सुटली की पहिल्यापासून… बाकीचं शाळेत शिकले असेन, नीटनेटकेपणा मात्र आईच्या पुढ्यात पाटावर बसून शिकले. थोडी भीतीही तिथंच शिकले.

मामांनी सुरुवात केली. ती जाड बोटं, आणि पुढ्यात स्वरा देवळातल्या मूर्तीसारखी बसलेली. हूं नाही की चूं नाही. दहा मिनिटांत दोन वेण्या, वर दुमडलेल्या, लाल रिबिनीची फुलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि माझ्या पुढ्यात ओवी… "आई गं! किती ओढतेस! मला नेसरीला आत्याकडं सोड!"

अख्ख्या हॉलनं ऐकलं.

हे वाक्य मी रोज सकाळी ऐकते. ओवीची आत्या नेसरीला असते. मोठं घर, बरोबरीची दोन मुलं. "झेपत नसलं तर पाठव गं," असं त्या मागे फोनवर म्हणाल्या होत्या, अगदी मायेनं. चार दिवस माझ्या मोबाईलमध्ये त्यांच्यासाठी एक मेसेज लिहून पडला होता… 'सुट्टीपासून ओवीला कायमचंच तुमच्याकडे ठेवावं असं वाटतंय.' केंद्रातल्या मॅडमना एकदा विचारायचं आणि पाठवून द्यायचा, असं ठरवून मी आले होते.

टाळ्या ऐकताना मला मामांचा खरंच राग आला. यांना काय, मुलगीच गरीब मिळालीये, असंही मनात येऊन गेलं. आणि लगेच लाज वाटली. कुणाबद्दल वाईट मनात आलं तर त्याच दिवशी कबूल करायचं, ही आमच्या वडिलांची शिस्त… ती काही सुटत नाही.

म्हणून चहाच्या वेळी गेले आणि सांगून टाकलं, "मामा, मला तुमचा फार हेवा वाटला."

मामांनी बशी खाली ठेवली. "माझा? अगं पोरी, मीच मगाधरनं तुझ्यावर जळाय लागलोय की!"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"तुझी पोरगी कशी हक्कानं बोंबलती. आमची बघ. वरीस झालं, अजून पाणी प्यायच्या आधी इचारती, मामा, घेऊ का म्हणून. परवा वेणी सोडली तर कानामागं लालभडक. येवढं ओढलं मी, आन् एक शब्द न्हाय. पावणीगत ऱ्हाती गं घरात."

मी वळून स्वराकडे बघितलं.

आमच्या मागेच दोघी मुली बिस्किटं खात बसल्या होत्या. ओवी स्वराच्या रिबिनीला बोट लावून विचारत होती, "दुखतंय काय तुला?" स्वरानं हळूच मान हलवली. हो.

"मग ओरडायचं की! माझी मावशी आधी बडबडते… मग सैल करते."

पाढा सांगावा इतक्या सहज म्हणाली. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी चहात बघत राहिले, कारण डोळे भरले होते.

मॅडमना मी काहीच विचारलं नाही. परत येताना रिक्षात तो मेसेज उघडला, 'कायमचंच' खोडलं आणि नवीन लिहिला… 'सुट्टीत आठ दिवस ओवीला पाठवते. पाहुणी म्हणून.' आत्यांचं लगेच उत्तर आलं, "पाठव की गं, तूपण ये."

आज सोमवार. सकाळी ओवीच्या वेण्या घालताना मामांचा व्हॉइस मेसेज आला. स्पीकरची गरजच नव्हती.

"पोरी! आज वराडली की! मामा, दुखतंय म्हणाली! डोळं वटारून! शनवारी पेढं घिऊन येतो, समद्यास्नी सांग!"

त्यांच्या रिबिनीच्या फुलांचा मला अजूनही हेवा वाटतो, हे प्रामाणिकपणे सांगते. पण शनिवारची ती खोली नसती तर ओवीचं ओरडणं मी नापास झाल्याचाच पुरावा समजत राहिले असते.

मेसेज ऐकण्याच्या नादात ओवीचा भांग वाकडा आला होता. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार, एवढ्यात ती ओरडली, "मावशी, बास आता!"

बास केलं. वाकड्या भांगानं गेली शाळेला.