इस्त्रीसाहेबांच्या शर्टाची पाठ

चिखलाचं काम करणारा माणूस रोज पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घालून साइटवर येतो, हे मी इस्त्रीसाहेबांना भेटेपर्यंत पाहिलं नव्हतं. खरं नाव हजेरीपटावर होतं. बाकी सगळे, अगदी मशिनवरचे बिहारी कामगारसुद्धा, त्यांना इस्त्रीसाहेबच म्हणत. तोंडावर नाही अर्थात. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

आमचं काम रस्ता न फोडता जमिनीखालून पाइप नेण्याचं. मशिनने आडवं भोक पाडायचं आणि दुसऱ्या टोकाकडून पाइप आत ओढून घ्यायचा. भोक ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइटचा घोळ सोडतात. ही एक बारीक चिकणमाती, पाण्यात कालवली की धिरड्याच्या पिठासारखी होते. जमिनीच्या पोटातली माती घेऊन हा घोळ बाहेर आला की खरी डोकेदुखी सुरू होते, कारण त्याचं करायचं काय? पुष्कळांना जवळचं गटार दिसतं. इस्त्रीसाहेब तो टँकरने ओढून यार्डात नेत, पाणी गाळून परत वापरत, आणि सुकलेली माती परवानगीच्या जागीच टाकत. "खड्डा बुजवून जाणारे पुष्कळ," ते म्हणायचे, "चिखल घेऊन जाणारे आपणच."

शर्टामागे त्यांचा हिशेब होता. काम नीट चाललं असेल तर घोळ खड्ड्यात राहतो, खड्ड्यातून टँकरमध्ये जातो. अंगावर उडाला म्हणजे कुठेतरी ढिलाई झाली. म्हणून संध्याकाळी निघताना ते माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे. "मागून बघ रे, डाग आहे का?" मी नाही म्हटलं की स्वारी खूश. "पुढचं मला दिसतं. पाठीवरचा निघाला तर घरी इन्स्पेक्टर बसलाय." इन्स्पेक्टर म्हणजे वहिनी. शांती नगरच्या त्यांच्या घरी शर्ट त्याच धुवायच्या, इस्त्रीही त्यांचीच.

दुसरी सवय म्हणजे काम सुरू होण्याआधी दारोदार जाऊन चहा पिणं. गोडदेवला काम होतं तेव्हा मालूताईंच्या अंगणात तर त्यांनी पोह्याचे पापडही खाल्ले. नळ गेला की अख्खी आळी मालूताईंच्या विहिरीवर लोटायची. साहेब त्या विहिरीत डोकावून म्हणाले, "तुमच्या पाण्याला धक्का लागणार नाही." मला तेव्हा वाटलं, एवढं कशाला कबूल करायचं?

पाइप निम्म्यावर आला आणि त्या अंगणातली फरशी फुगली. फटीतून राखाडी घोळ बुडबुडत वर आला. मालूताई ओरडल्या, "ओ साहेब, चिखल हिरीकडं चाललाय!"

साहेबांनी मशीन थांबवलं. पाइप ओढणं मधेच थांबलं तर भोक आवळतं आणि पाइप अडकतो, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मालक फोनच्या स्पीकरवरून ओरडत होते. "अरे खींचते रहो! पानी मारो और सब गटर में छोड़ दो. पाइप फसा ना, तो कल से मत आना!"

"गटार खाडीत जातं, शेठ," साहेब म्हणाले. "आणि ओढत राहिलो तर विहीर जाते. भोक दुसरं पाडता येईल."

टँकर स्टेशनरोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता. आम्ही वाळूच्या गोण्या रचल्या, पण घोळाच्या रेट्याने त्या सरकायला लागल्या. तेव्हा हा माणूस खाली बसला, पाय विहिरीच्या कठड्याला लावले आणि पाठीने गोण्या दाबून धरल्या. टँकर येऊन शेवटचा घोळ ओढेपर्यंत ते तसेच बसून होते. मालूताईंनी पोहरा सोडून पाणी काढलं. नितळ होतं.

पाइप अडकला तो अडकलाच. त्या संध्याकाळी साहेबांनी मला डाग विचारला नाही. "चल रे," एवढंच म्हणाले आणि रिक्षात बसले. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. मी मात्र त्यांच्यासारखाच हटून बसायला शिकलो. टँकर दारात उभा असल्याशिवाय माझं मशीन सुरू होत नाही.

गेल्या वर्षी साहेब गेले. भेटायला गेलो तर बोलता बोलता वहिनींनी विचारलं, "गोडदेवला त्या दिवशी झालं काय होतं? मला म्हणाले, कंटाळा आला, सोडली नोकरी."

मी सगळं सांगितलं. त्या उठून कपाटाकडे गेल्या.

"मी फार बोलले हो त्यांना. म्हटलं, शर्टाचं पोतेरं केलंत, आता नोकरीही घालवून आलात. गप्प ऐकून घेतलं. तो शर्ट तेवढा टाकू दिला नाही."

त्यांनी कपाटातून शर्ट काढून दिला. पुढून लख्ख, कॉलरला कडक इस्त्री. मी तो उलटा केला आणि त्या दिवशी बघायची राहिलेली राखाडी पाठ बघितली.