गुरुजी एकदा हरले होते

परवा रविवारी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं संमेलन होतं. मी जाऊन पहिल्या रांगेत बसले. मला उठवायचा प्रयत्न झाला... जमला नाही.

(मी बोलतेय, नात मुक्ता टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका सगळ्या तिच्या.)

ही शाळा गुरुजींनी काढली. गुरुजी म्हणजे इथे हिंदी मुलखातल्या आमच्या मोहल्ल्यातल्या, खासगी बाजारातल्या, मराठी घरांचे भटजी. सकाळी घरोघरी पूजा सांगायची आणि दुपारी देवळाच्या ओसरीवर पोरं जमवून शिकवायचं... त्या ओसरीतून आजची तीन मजली शाळा झाली.

माझा धाकटा भाऊ वसंता तिथलाच विद्यार्थी. इंजिनीअर होऊन रिटायर झाला, आता इंदूरला असतो. संमेलनाला आला तर म्हणाला, ताई, चलतेस का बरोबर? म्हटलं, विचारतोस काय, येणारच.

हॉलमध्ये पुढच्या खुर्च्या विद्यार्थ्यांना, मागच्या 'परिवारजनांना'. मी सरळ पुढे. अध्यक्ष आमचा बंडू... सत्तरीला आलाय, पण मी त्याचं नाक पुसलंय, तेव्हा माझ्यासाठी बंडूच. तो वाकून हळूच म्हणाला, "मावशी, मागे बसा ना, पंख्याखाली. आराम से."

"मला गरम होत नाहीये."

"तसं नाही हो... ये आगे की सीटें स्टूडेंट लोगों की हैं."

"मग बरोबर बसलेय."

बंडू गेला, पण माझ्याभोवती घिरट्या घालत राहिला.

भाषणं सुरू झाली. गुरुजी म्हणजे शांतीची मूर्ती, गुरुजींनी कुणावर आवाज चढवला नाही, गुरुजींनी हातात घेतलं ते तडीस नेलं, गुरुजी कधी हरले नाहीत... अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. समोर हार घातलेल्या फोटोत गुरुजी मुकाट्यानं ऐकतायत. फोटो तरी काय करणार!

शेवटी मीच उठले आणि माइककडे निघाले. बंडू धावत आला. "मावशी, दोनच मिनिटं हं... और कुछ अच्छा-अच्छा बोलना."

म्हटलं, "अच्छाच बोलते. गुरुजी एकदा हरले होते. माझ्यापायी."



मग सांगितलं. मीही याच शाळेत होते... जेमतेम थोडे दिवस. ओसरीवर एवढ्या पोरांत एकटी पोरगी, दाराजवळ बसायचे. पाटीवर उभी रेघ, आडवी रेघ, इथवर पोचले होते. तेवढ्यात घरी वसंता जन्मला, आईनं अंथरूण धरलं. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पाटी माळ्यावर टाकली आणि बाळ माझ्या मांडीवर दिलं.

गुरुजी घरी येऊन समजावून गेले. पुन्हा आले. अण्णा आपले 'बघू, बघू' करत राहिले.

मग आली गणेश चतुर्थी. गणपती पाटावर, दूर्वा-फुलं तयार, सगळे हात जोडून उभे... आणि गुरुजी पळीला हातच लावेनात. म्हणाले, "आधी सांगा, पोरगी शाळेत कधी येणार?"

अण्णा म्हणाले, "गुरुजी, मुहूर्त टळतोय."

"टळू दे. गणपती पुढच्या वर्षी परत येतो. पोरीचं हे वय येत नाही."

पण अण्णांनी बाड्याच्या चौकापलीकडून दुसरे भटजी बोलावले. गुरुजी उपरणं झटकून गेले, ते पुन्हा आमच्या उंबऱ्याला आले नाहीत. गल्लीतल्या आणखी काही घरांनी त्यांना बोलावणं बंद केलं... भटजीनं यजमानाला अट घालायची म्हणजे काय! आणि एवढं होऊन मी काही शाळेत गेले नाही. पुढे वसंता गेला.

वसंता खाली मान घालून बसला होता. माइकवरूनच म्हटलं, "तू कशाला लाजतोस रे? तू तर दुपट्यात होतास." तेव्हा कुठे हॉल हसून मोकळा झाला.

मी खाली उतरणार, तर मधल्या रांगेतून काठी टेकत एक म्हातारे उठले. तात्या, माझ्याच वयाचे, ओसरीवर शिकलेले. म्हणाले, "अगं बाई... वो दरवाजे के पास वाली जगह तुझी होती का? तिथे कुणाला बसू द्यायचे नाहीत गुरुजी! मी एकदा बसलो, तर असा कान पिळला की बस्स. आम्हाला वाटायचं तिथे साप निघतो... पूरे साल खाली रखी थी!"

मला हे ठाऊकच नव्हतं. माइक मी न मागता बंडूला देऊन टाकला. माझं असं कधी होत नाही... मुक्ताला विचारा.

आता शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय म्हणे, गुरुजींच्या कार्यक्रमात त्यांच्या हरण्याची गोष्ट काढायला नको होती. का नको? ते जिंकले, त्या गोष्टी सांगायला तुम्ही सगळे आहातच, शिकलेसवरलेले. हरले त्याची गोष्ट माझ्याकडे आहे आणि ती मी सांगणार... मंचावर सांगणार, इथे सांगणार, ज्याला कान दुखतील त्यानं ऐकू नये.

स्वतःच्या घरची चूल ज्या यजमानांच्या जिवावर पेटायची, त्यांच्याशी माझ्यासाठी भांडलेला असा माणूस मला पुन्हा भेटला नाही. एक अक्षर येत नसलं म्हणून काय झालं... मी त्यांचीच विद्यार्थिनी आहे.