दगडांवरच्या खुणा आणि आम्ही तिघे

दगडांच्या नोंदी वहीत जातात. आमची फजिती मात्र कोणी लिहून ठेवत नाही. ती चहाच्या टपरीवर साठत जाते. अशी बरीच साठलीय. आधी सांगताना हसू यायचं, आता तेवढं येत नाही.

आम्ही तिघे. सावेसर, इतिहासाचे रिटायर्ड प्राध्यापक. लोखंडे, मूळचा बीडचा, बोईसरला केमिकल कंपनीत ऑपरेटर. आणि मी, ड्रॉइंग टीचर. दर रविवारी जुने दगड शोधायचे आणि त्यांवर कोरलेल्या चिन्हांचा अर्थ लावायचा, हा उद्योग!

*

मनोरजवळ एका खडकावर बाण सापडला. सर खूश! "बाण म्हणजे शिकार, नाहीतर देवाची वाट." मी अर्धा तास चित्र काढत बसलो. मागच्या घरातून एक बाई आली. सरांनी तिलाही सगळं समजावलं.

ती शांतपणे म्हणाली, "रस्ता मोठा व्हायचा हाय, त्याची खूण हाय ती. आमचा घर जायाचा, असा अर्थ हाय."

*

मग ते खळगे. सपाट कातळावर दोन ओळींत चौदा. लोखंडेने मोबाइलवर आकाशाचं ॲप लावून नक्षत्रं जुळवली. सरांनी लेख लिहिला, मासिकात छापूनही आला. नंतर एका म्हाताऱ्या गुराख्याने त्याच खळग्यांत चिंचोके टाकले आणि लोखंडेला ओळीने तीन डाव हरवलं!

"पुढच्या अंकात दुरुस्ती देऊ," सर म्हणाले. दिली नाही. कोणीतरी अजून तिथे नक्षत्रं मोजत असेल.

*

लोखंडे सालवडला चाळीत राहतो. त्याच्याकडे जाताना शेजारच्या भिंतीवर हळदीचे पंजे दिसले. सर थबकलेच. "दगडावर कोरलेले हात आपण गावोगाव शोधतो, आणि हे बघ!"

शेजारीण म्हणाली, "बेटी के हैं, बिदाई के टाइम के. फोटो जल्दी ले लो साहब, कल पुताई है, नया रंग लगेगा."

लोखंडे दोन वर्षं त्या भिंतीसमोरून ये-जा करत होता. खाली मान घालून म्हणाला, "मला वाटलं, पोरांनी भिंत घाण केली."

*

मासवणच्या बाजूला ओढ्याकाठी एक सुटा दगड मिळाला. वर सूर्य-चंद्र, खाली बाईची आकृती, शेजारी फणी.

"फणी म्हणजे स्त्री. सूर्य-चंद्र असेपर्यंत हिची आठवण राहील, असा अर्थ. तीनशे वर्षं तरी जुना!" सर म्हणाले.

"पाड्यावर विचारू या का?" लोखंडे म्हणाला. गेलो, तर घरं बंद. माणसं वीटभट्टीवर गेलेली. थांबायला हवं होतं. आम्ही टेम्पो बोलावला.

दगड पालघरच्या एका कॉलेजात ठेवला. खालची पाटी मीच रंगवली: 'अनामिक स्त्रीची स्मृतिशिळा'.

होळीला माणसं परतली. आठवड्याभरात एक म्हातारी विचारत विचारत कॉलेजात आली. दगडासमोर बसली, फणीवरून बोट फिरवलं.

"बापानं कोरला. माजी बहीण हाय ही."

मी चहा मागवतो म्हटलं, तिने मान हलवून नको म्हटलं. मग पाटीकडे बोट केलं.

"तिचा नाव लिवलाय ना?"

"हो," मी म्हणालो.

"मंग वाच."