उजव्या कडेची बाई

त्या संध्याकाळी आम्ही ज्वारी निवडत बसलो होतो. लढाईच्या दिवसांतली रेशनची ज्वारी, तिच्यात खडे, माती, आणि कसलं तरी काळं बी. ती दारातल्या उजेडात सूप घेऊन, मी समोर मांडीवर ताट घेऊन. टांगेवाला गडी बायकोबरोबर ज्वारी निवडतो म्हणून कुणाला हसायचं तर हसा. तिची नजर अधू झाली होती आणि खडा लागला की ठणका माझ्या दाढेत उठायचा. मग निवडायला बसणार कोण?

मी निवडलेलं ती परत बघायची आणि पुटपुटायची. एरवी मी उलटून बोललो असतो. त्या दिवशी गप्प होतो, कारण स्टेशनावरून एक बातमी घेऊन आलो होतो आणि ती कशी सांगावी ते कळत नव्हतं. बातमी सिनेमाची होती. हसण्यासारखं वाटेल, पण आमच्या घरात त्या एका सिनेमावरून जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नाहीत.

आधी तो सिनेमा सांगतो.

पहिली लढाई संपून काही वर्षं झाली होती. लढाईवर गेलेली मावळातली पोरं काही परत आली होती, काही नव्हती. तापाच्या साथीत माझी आई गेली होती. पण आम्ही दोघं नव्या लग्नाचे, आणि लोणावळ्याला तेव्हा नवलाई होती. धरणाच्या पाण्यावर विजेचे दिवे लागत होते. शेटलोकांच्या बंगल्यांतून फोनोचं गाणं यायचं आणि ही कुंपणाशी उभी राहून ऐकायची. मी टांगा घेऊन आलो की म्हणायची, जरा थांबा, गाणं संपू द्या. घोडी उभी, मी उभा, ही उभी. एकदा बंगल्यातल्या बाईने आम्हाला तसं बघितलं आणि खिडकी लावण्याऐवजी सताड उघडली. असेही लोक तेव्हा होते.

तेव्हाच मुंबईची एक सिनेमा कंपनी चित्र काढायला आली. माझा टांगा त्यांनी राजपुत्राचा रथ केला. टप काढला, दिवे काढले, रबराची चाकं दिसू नयेत म्हणून पाला बांधला, वर कागदाचा कळस लावला. मला दाढी चिकटवून सारथी केलं. गोष्ट अशी की राजपुत्र वनवासाला निघालाय आणि सगळं गाव रडतंय. रडायला बायका पाहिजे होत्या, त्या मीच गोळा केल्या. आमच्या आळीतल्या काही, हिच्या माहेरच्या, टाकव्याच्या काही, आणि ही.

ही येईल असं मला वाटलं नव्हतं. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं हिच्या आईने हिच्या डोक्यात घातलं होतं. लग्नातही काढू दिला नाही, पुढे पोरगी झाली तेव्हाही नाही. पण सिनेमाला लगेच तयार झाली. मी म्हटलं, हाही फोटोच की. तर म्हणाली, तो एका जागी धरून ठेवतो, हा चालता हाय, ह्यात मानूस अडकत न्हाई. हा हिशोब मला आजवर समजलेला नाही. पण त्यामुळे झालं असं, की घरात हिचा एकही फोटो नाही. जगात एकाच ठिकाणी हिचं तोंड उमटलं होतं, त्या सिनेमात.

वळवणच्या बाजूला रस्त्याकडेला एक जांभळाचं झाड आहे. त्याखाली बायका ओळीत उभ्या केल्या. रस्त्याच्या पलीकडे यंत्र. मी रथ घेऊन मधून यायचं, राजपुत्राने उतरायचं, हात जोडायचे, बायकांनी पदर डोळ्यांना लावायचे. राजपुत्राच्या मुकुटावर गवताला सोनेरी रंग लावून केलेला तुरा होता. तो हात जोडून वाकला तो नेमका घोडीच्या तोंडापुढे. घोडीने तुरा धरला. मुकुट आला, मुकुटाबरोबर केसही आले. राजपुत्राला पार टक्कल. घोडी निवांत खात उभी.

बाकीच्या बायकांचे पदर डोळ्यांवर होते, त्यांना काही दिसलं नाही. ओळीच्या कडेची माझी बायको मात्र बघत होती. ती जी हसली, तोंडावर हात न घेता, सगळे दात दाखवून, तसं मी तिला त्याआधी हसताना बघितलं नव्हतं. कंपनीचा टोपीवाला साहेब ओरडला. पण ऊन उतरलं होतं, परत चित्र काढायला उजेड नव्हता.

पुढे जत्रेत तंबू आला आणि त्यात हा सिनेमा लागला. आताच्या पोरांना सांगायला पाहिजे की तेव्हा तंबूत पडदा मधोमध असायचा. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. पडदा पाणी मारून भिजवायचे, म्हणजे चित्र पलीकडेही दिसायचं. सिनेमा मुका. पेटी-तबलावाला खाली बसून वाजवायचा आणि मधे अक्षरं आली की पुरुषांच्या बाजूचा कुणी शिकलेला मोठ्याने वाचायचा. बायकांच्या बाजूने अक्षरं उलटी दिसायची. ज्यांना वाचताच येत नाही त्यांना उलटं काय नि सुलटं काय.

माझा रथ आला तेव्हा मी ताडकन उभा राहिलो आणि मागच्याने मला खाली ओढलं. घोडीचं तुरा खाणं कंपनीने कापून टाकलं होतं. राजपुत्र वाकला, आणि ओळ दिसली. सगळं गाव रडतंय आणि डाव्या कडेला एक बाई हसतीय. क्षणभरच. का हसतीय ते तंबूत कुणाला ठाऊक नव्हतं. पडद्याच्या अलीकडे एकाला आणि पलीकडे एकीला ठाऊक होतं, बस.

घरी येताना मी म्हटलं, बघितलंस, डाव्या कडेला कशी हसलीस ते. तर सरळ नाही म्हणाली. म्हणाली, मी उजव्या कडंला हुते, आन् रडत हुते. ती डावीकडली दुसरीच कुनीतरी.

झालं. तेव्हापासून ते भांडण. जेवण आळणी झालं तरी शेवट तिथेच यायचा, पाहुणे आले तरी त्यांच्यापुढे निघायचा. मला खरंच वाटायला लागलं होतं की मी दुसऱ्याच बाईला बघून खूष झालो. बरीच वर्षं गेली. सिनेमा बोलका झाला, तंबू गेले. घाटात विजेची इंजिनं आली, त्यांचा धूर नाही, धाप नाही, आणि इतकी वर्षं वाफेच्या इंजिनाला सरावलेली माझी घोडी त्या गुपचूप येणाऱ्या गाडीला बुजली. मिठाच्या दिवसांत पांढऱ्या टोप्यांची पोरं टांग्यातून उभी राहून घोषणा देत गेली. आणि एक दिवस न्हाव्याकडे हजामत करताना आरशात मला माझाच टांगा दिसला. तोंड बाजाराकडे करून मी तो उभा केला होता, आरशात तो स्टेशनाकडे तोंड करून उभा. साबण तसाच गालावर ठेवून मी बसून राहिलो. पडद्याच्या मागूनही चित्र असंच उलटं दिसणार. तिची उजवी कड आणि माझी डावी कड एकच होती.

घरी येऊन सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्ता कळलं व्हय? मला तवाच कळलं हुतं."

मी म्हटलं, मग हसणारी तूच. तर म्हणाली, बाई मीच, पर मी रडत हुते. तुमाला रडनं आन् हसनं वळखत न्हाई.

म्हणून मला तो सिनेमा परत बघायचा होता. भांडण जिंकायला, असं मी तिला सांगायचो. खरं म्हणजे मला तिचं ते तोंड परत बघायचं होतं. ती म्हातारी झाली होती, मीही. तेव्हाचं तिचं तोंड मी आठवायला गेलो की आत्ताचंच पुढे यायचं. मुंबईचा कुणी सिनेमावाला टांग्यात बसला की मी विचारायचो, साहेब, अमका सिनेमा कुठे लागतो का? कुणी हसायचा, कुणी म्हणायचा बघतो.

दुसऱ्या लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून मोटारवाले बंगलेवालेही टांग्यात बसायला लागले. टांग्याच्या दिव्याला अर्धा काळा रंग फासायचा हुकूम होता. असाच एक पांढऱ्या केसांचा माणूस स्टेशनावर टांग्यात बसला, तो पूर्वी त्याच सिनेमा कंपनीत कामाला होता. मला वाटलं, आता मिळालं. तो म्हणाला, बाबा, मुक्या सिनेमाला कोण विचारतं? कंपनी बुडाली. त्या फिती धुतात, त्यातली चांदी काढून घेतात, उरलेल्याच्या म्हणे बांगड्याबिंगड्या करतात. तुमचा सिनेमा कधीच गेला.

ही ती बातमी. ज्वारी निवडता निवडता मी ती सांगून टाकली. मला वाटलं ती म्हणेल, बरं झालं, कटकट गेली.

तिचा हात सुपात थांबला. मग म्हणाली, "म्हंजी मी आता कुनाच्या तरी हातात वाजतीय म्हनायचं."

मी हसलो. ती हसली नाही. थोडे खडे वेचले, अंगणात टाकले आणि सुपाकडे बघतच म्हणाली, "हसलेच हुते मी."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"हसलेच हुते. त्या टकल्याला न्हाई हसले. तुमाला हसले. दाढी अर्धी लोंबत हुती तुमची, आन् तुमी आपले लगाम धरून राजावानी ताठ बसलेले. तुमाला ठावंच न्हाई."

मला खरंच ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं मी समजत होतो की ती घोडीला हसली.

मी म्हटलं, मग इतकी वर्षं कबूल का केलं नाहीस? ती म्हणाली, कबूल केलं असतं तर तुमी इचारलं असतं का परत परत? मी म्हटलं, आता उद्यापासून भांडायचं कशावर? ती म्हणाली, ज्वारीवर भांडा, एवढे खडे ठेवलेत. मग उजेड गेला म्हणून आम्ही सूप-ताट उचललं.

पहाटे ती उठली नाही. चूल पेटल्याचा वास आला नाही म्हणून मी हाक मारली. मग हात लावून बघितला. त्याबद्दल जास्त सांगत नाही.

सुदुंबऱ्याहून पोरगी आणि जावई आले. दुपारी माती दिली. लोक चांगले होते, शेजारच्यांनी चूल पेटू दिली नाही, ताटं आणून दिली. सगळे तिच्याबद्दल बोलत होते, कष्टाळू होती, कुणाला दुखवलं नाही. मी मान हलवत होतो. ते बोलत होते ती म्हातारी. ती कुंपणाशी उभी राहून फोनो ऐकणारी, ती दात दाखवून हसणारी, तिला ओळखणारं त्या घोळक्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आणि मला त्या काळात बघितलेलंही आता कुणी उरलं नव्हतं. एक पडदा होता, त्याच्या पलीकडे एक माणूस होतं, आणि आता पलीकडे अंधार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोडीला चंदी दिली आणि टांगा जुंपला. पोरगी म्हणाली, बाबा, आज तरी नका जाऊ, लोक भेटायला येतील, काय म्हणतील? मी म्हटलं, काय म्हणायचं ते म्हणू दे. घरात बसून मी कोनाड्यातल्या तिच्या दिव्याकडे बघू का?

स्टेशनाकडे न जाता मी टांगा वळवणकडे घेतला. जांभळाचं झाड आहे अजून, एक फांदी मोडलीय. टांगा रस्त्यात उभा केला, उतरलो, आणि झाडाखाली जाऊन उभा राहिलो. ओळीत जिथे ती होती तिथे. रस्त्याकडे तोंड करून उजव्या कडेला. पडद्याच्या मागून तिने स्वतःला ह्याच कडेला बघितलं असणार.

तिथून टांगा नीट दिसतो. घोडी, ही दुसरी घोडी, त्या घोडीची नात, मान वाकवून कडेचं गवत ओढत होती. लगाम सैल पडला होता. मी बसतो ती जागा मोकळी होती. मी बराच वेळ तिकडे बघत राहिलो. ताठ बसलेला, अर्धी दाढी लोंबणारा गडी तिथे आणून बसवायचा प्रयत्न केला. तो मला दिसेना. तो फक्त तिनेच बघितलेला होता.

डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई रस्त्याने आली. टांग्यापाशी थांबली, इकडे-तिकडे बघितलं, मग मी दिसलो.

"आबा, टांगा तुमचाच का? तितं उभं ऱ्हाऊन काय करताय?"

मी म्हटलं, "बघतोय."

"काय बघताय?"

"टांगा."

तिने टांग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गाठोडं सरळ मागच्या बाकावर टाकलं. गाडी चुकंल माझी, म्हणाली. मी झाडाखालून निघालो, वर चढलो, लगाम हातात घेतला आणि तिला स्टेशनावर सोडलं.