आण्णाच्या दुकानाच्या फळ्या

आण्णा गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरनं आणून दिली. आमच्या गावचा फाटा त्याच्या रोजच्या वाटेवरचा. गाडी सोलापूरच्या स्टँडवर लावून तो सरळ आमच्या शाळेत आला आणि वर्गाच्या दारात उभा राहून म्हणाला, "बाई, आण्णा गेले पहाटे. तुमच्या वैनींनी निरोप दिलाय." मुली पाढा म्हणत होत्या... मी त्यांना तो पुरा करू दिला. असं का केलं ते मला अजून सांगता येत नाही.

आण्णा माझा थोरला भाऊ. अक्कलकोटच्या वाटेवरच्या आमच्या गावात त्याचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात. शेताच्या कोपऱ्यात खड्डा खणला, आण्णाला मांडी घालून बसवलं, विभूती लावली, बेलाची पानं वाहिली. लाकडाची एक काडीसुद्धा लागली नाही. ज्या गावानं जन्मभर त्याच्याकडून मीठमिरची नेली, त्या गावातली बोटांवर मोजावीत इतकी माणसं मातीला आली. खड्डा धुळा धनगरानं खणला. सरपंच फिरकले नाहीत. गावाचा आण्णावर राग होता आणि तो लाकडावरूनच होता. परवाच्या शोकसभेत हे कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आण्णा गोड माणूस होता असं मी लिहिणार नाही. तोंडाचा फटकळ, उधारी मागायला आलेल्याला चार लोकांत सुनावणारा, आणि हट्टाला पेटला की देवाचंही न ऐकणारा. मला मात्र तो पिकल्या केसांपर्यंत 'तंगी' म्हणजे धाकटी बहीणच म्हणत राहिला. लहानपणी आम्ही दोघं गावाबाहेरच्या माळावर बोरं वेचायला जायचो. बोरी, हिवर, बाभळी, तरवड, गुडघाभर गवत... अंगावर ओरखडे घेऊन घरी यायचं आणि अव्वाचा, म्हणजे आईचा, मार खायचा. पुढं वरून, सरकारातल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं, की ही काटेरी झुडपं काय कामाची? सगळं साफ करून माळभर निलगिरी लावली. सरळसोट, एका मापाची झाडं. खाली गवत उगवेना, मेंढरं तिकडं तोंड वळवेनात. बहात्तरच्या दुष्काळात ठेकेदार आला, निलगिरी तोडून घेऊन गेला आणि आमच्यासाठी बुडखे ठेवून गेला. ओढ्याच्या काठाला एक जुनी बाभूळ तेवढी उरली होती. तिला सगळे म्हातारी म्हणत.

त्या उन्हाळ्यात आण्णानं गावाला बसवण्णाच्या देवळापुढं जमवलं. "आपलं रान मेलेलं न्हाय. मुळ्या जित्या हायत खाली," तो म्हणाला. "निस्तं त्याला वर येऊ द्या." आणि गावानं ऐकलं, हे मला आज खोटं वाटतं. माळाला चर खणले. कुऱ्हाड बंद, शेरडं बंद, गवत फक्त विळ्यानं कापायचं. निलगिरीचा बुडखा तोडला तरी फुटत राहतो, म्हणून घरटी पाळी लावली. ज्याची पाळी असेल त्यानं माळावर जाऊन फुटवे मोडायचे आणि जमेल तेवढे बुडखे उपटायचे. धुळानं आपली मेंढरं म्हातारीच्या शेंगा खाऊ घालून माळावर बसवली. शेंगा पोटातून गेल्या की बी लवकर रुजतं, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाऊस पडला आणि लेंड्यांतून बाभळी उठल्या. जुन्या मुळ्यांतून बोरी उठल्या. आण्णा दुकान वैनीवर टाकून दिवसभर तिकडंच. वैनी मला म्हणायची, "वन्सं, तुमच्या भावानं दुसरं लगीन केलंय, माळासंगट."

पहिल्याच बैठकीत एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "सगळं खरं, पर मयताला लाकूड कुटनं आनायचं?" आमच्या गावात सरणाचं लाकूड माळाचंच असे. कुणी गेलं की घरटी एक माणूस कुऱ्हाड घेऊन निघे. त्याला नाही कोण म्हणणार? आण्णानं तोड काढली. उपटलेले निलगिरीचे बुडखे मसणवाटेशी रचून ठेवायचे. ते मेलेल्यांचं लाकूड, त्याला जित्यानं हात लावायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, बसवण्णाची शपथ घेतली. माझ्या मते तो ढीग गावाला दोन पिढ्या पुरला असता.

पुरला नाही. आधी जत्रेच्या स्वयंपाकाला नेले. मग कुणाच्या लग्नाला. मग कुणाच्या चुलीला, दोनच बुडखे, पावसाळ्यापुरते... सरपंचांच्या वाड्यावरही गेले, ते मी पाहिलं आहे. आण्णा दुकानाच्या पायरीवरून शिव्या घालायचा आणि लोक हसायचे.

नंतरच्या एका श्रावणात सरपंचांचे वडील गेले. मी सणाला गावी आले होते. पाऊस असा लागलेला, की ओढा दुथडी भरलेला आणि सोलापूरची वाट बंद. वखारीतून लाकूड आणायची सोय नव्हती. मसणवाटेशी जाऊन पाहिलं तर ढिगाच्या जागी चिखल. माणसं कुऱ्हाडी घेऊन माळाकडं निघाली आणि चराच्या तोंडाशी आण्णा छत्री धरून उभा. सरपंच हात जोडून म्हणाले, "आण्णा, बाप पडलाय माजा अंगनात." आण्णा म्हणाला, "मेलेल्यांचं लाकूड जित्यांनी चुलीत घातलं. आता जित्या झाडाला हात लावू देनार न्हाय." मग तो वळला, घरी आला आणि आमच्या आजोबांनी करून घेतलेल्या, दुकान बंद करायच्या सागवानी फळ्या उंबऱ्याच्या खाचेतून एकेक काढून बैलगाडीत घातल्या. धान्याची लाकडी कोठीही फोडली. "घिऊन जावा. कोरडं हाय, चांगलं पेटंल."

ते पेटलं. सरपंचांचे वडील दुकानाच्या फळ्यांवर आणि गोवऱ्यांवर गेले. आण्णानं आपलं दुकान उघडं टाकलं, हे कुणालाच दिसलं नाही. गावाला एवढंच दिसलं, की वाण्यानं मयताला अडवलं. सरपंच सगळ्यांदेखत म्हणाले, "माज्या बापाला दुकानाच्या फळ्यांवर जाळलं. हे मी इसरनार न्हाय." त्या दिवसापासून गिऱ्हाईक तुटलं. माळाच्या पाळ्या बंद झाल्या. आण्णा आणि धुळा दोघंच फुटवे मोडत राहिले. दुकानाला नव्या फळ्या आण्णानं केल्या नाहीत. बारदान शिवून पडदा लावला. संध्याकाळी पडदा खाली सोडायच्या आधी मात्र जुन्या सवयीनं उंबऱ्याच्या खाचेतून बोट फिरवून अडकलेले दाणे काढायचा. मी चिडून विचारलं, "आता कशाला? फळ्या कुठं आहेत?" तर म्हणाला, "खाच तर हाय की, तंगी." मला त्याचा तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. एवढ्या हट्टानं कुणाचं भलं झालं?

शोकसभा सरपंचांनीच घेतली. हार घातलेला फोटो, शाल, 'वृक्षप्रेमी' वगैरे शब्द. शेवटी ते म्हणाले, "आण्णांचं आमच्या घराण्यावर ऋण आहे. ते आम्ही फेडलं आहे. दुकानाला नव्या फळ्या बसवून दिल्या आहेत." टाळ्या पडल्या. मी धुळाकडं पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. सभा उठल्यावर मी त्याला विचारलं, "लाकूड कुठलं?" तो म्हणाला, "म्हातारीचं, बाई. वड्याकाठची. तिच्यापायी माळावरची झाडंबी तोडली, गाडी आत न्यायला वाट पायजे म्हून. आता शेरडं शिरल्याती."

वैनीवर मी रागावणार होते. घरी गेले तर ती पायरीवर बसली होती. "वन्सं, किती पावसाळे उघड्या दारानं काढले मी! कुत्री यायची, वारं यायचं... फळ्या आनून दिल्या, मी घेतल्या." तिनं काय नाही सोसलं? दिवेलागणीला ती उठली, उंबऱ्याच्या खाचेतून बोट फिरवलं आणि फळ्या लावायला लागली. ताजं, लालसर बाभळीचं लाकूड. शेवटची फळी बसेना, तेव्हा तिनं वरवंट्यानं ठोकली. बारदानाची घडी कोपऱ्यात पडली होती.

आण्णाचं दुकान आता नीट बंद होतं.